‘यूज्ड टू’ कधी वापरावे: ‘जात असे’ आणि ‘जात असतो’ यांतला फरक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत मराठी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी इंग्रजी ही बहुधा तिसरी भाषा असते. घरात मराठी, बसमध्ये आणि तालुका कचेरीत कन्नड, आणि नोकरीचा अर्ज लिहायची वेळ आली की इंग्रजी, असा तो क्रम असतो. अशा नवशिक्या माणसाच्या इंग्रजीत शब्दांची एक जोडी फार लवकर शिरते आणि तिची चूक फार उशिरा सुटते. ती जोडी म्हणजे ‘यूज्ड टू’. स्वतःच्या दिनक्रमाबद्दल बोलायला सुरुवात केली की ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट सिक्स’, ‘आय यूज्ड टू गो बाय बस’ अशी वाक्ये ओळीने येतात. बोलणाऱ्याला ती बरोबर वाटतात आणि ऐकणाऱ्यापर्यंत मात्र भलताच अर्थ पोहोचतो.

मला हा फरक समजला तो एका मुलाखतीत. पदवी झाल्यावर मी एका माध्यमिक शाळेत तात्पुरता शिक्षक होतो आणि दुसरीकडच्या कायम जागेसाठी अर्ज केला होता. समोर बसलेल्या तिघांपैकी एका वयस्क गृहस्थांनी मी सध्या काय करतो, असे विचारले. ‘आय यूज्ड टू टीच इन अ हायस्कूल,’ असे मी ठामपणे सांगितले. त्यांनी माझ्या अर्जातल्या ‘सध्याची नोकरी’ या रकान्यावर पेन्सिलीने एक हलकी रेघ मारली आणि ती नोकरी का सोडली, असे विचारले. ती नोकरी मी का सोडू इच्छितो असा त्यांचा प्रश्न आहे, असे समजून मी पगार कमी असल्याचे कारण दिले. पुढचे सगळे प्रश्न मी बेकार आहे असे धरूनच आले आणि मला त्याचा उलगडा झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच शाळेत आठवीच्या वर्गावर उभा होतो. पेन्सिलीची ती रेघ मला अजून आठवते, कारण मारणाऱ्याची त्यात काहीच चूक नव्हती. माझ्या वाक्याचा अर्थ नेमका तोच होता.

आधी तीन अर्थ वेगळे करावेत

‘यूज्ड टू’ अशी अक्षरे इंग्रजीत तीन वेगळ्या ठिकाणी भेटतात आणि तिन्हींचे मराठी वेगळे आहे. ‘आय यूज्ड टू वर्क इन अ फाउंड्री’ म्हणजे मी फाउंड्रीत काम करत असे. आता करत नाही. ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग इन अ फाउंड्री’ म्हणजे मला फाउंड्रीत काम करण्याची सवय आहे, ते काम माझ्या अंगवळणी पडलेले आहे. आणि ‘मिल्क इज यूज्ड टू मेक कुंदा’ म्हणजे कुंदा करण्यासाठी दूध वापरले जाते. पहिल्यात गेलेला काळ आहे, दुसऱ्यात सवय आहे आणि तिसऱ्यात वापर आहे.

तिसरा अर्थ कानाने ओळखता येतो, आणि ही गोष्ट पुस्तकात वाचून लक्षात येत नाही म्हणून येथे सांगतो. वापराच्या अर्थाचे ‘यूज्ड’ उच्चारताना त्यातला ‘एस’ हा ‘जास्त’ या शब्दातल्या ‘ज’च्या जवळ जातो आणि शेवटचा ‘ड’ स्पष्ट ऐकू येतो. पहिल्या दोन अर्थांत मात्र तोच ‘एस’ ‘सकाळ’मधल्या ‘स’सारखा उच्चारला जातो, ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये मिसळून जातो आणि कानावर जवळजवळ ‘यूस्टू’ असा एकच शब्द पडतो. मराठी माणसाला ‘जास्त’चा ‘ज’ आणि ‘जीव’चा ‘ज’ यांतला फरक लहानपणापासून येतो, तेव्हा हा फरक त्याला जड जाऊ नये. मोठ्याने म्हणून पाहावे: वापराबद्दल बोलताना ‘ज’, जुन्या दिवसांबद्दल बोलताना ‘स’.

‘असे’ आणि ‘असतो’

आता मुख्य मुद्दा. शाळेच्या व्याकरणात आपण रीती वर्तमानकाळ आणि रीती भूतकाळ शिकलेलो असतो. ‘मी रोज बसने जात असतो’ हा रीती वर्तमानकाळ आणि ‘मी रोज बसने जात असे’ हा रीती भूतकाळ. दोन्ही वाक्यांत रीत आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट आहे. फरक आहे तो फक्त शेवटच्या शब्दात. ‘यूज्ड टू’ हे केवळ दुसऱ्या वाक्याचे इंग्रजी आहे. पहिल्या वाक्याचे इंग्रजी इतके साधे आहे की शिकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही: ‘आय गो बाय बस.’ फार तर त्यात ‘एव्हरी डे’ किंवा ‘युज्वली’ घालावे.

चुकीचे मूळ येथेच आहे, असे मला इतक्या वर्षांच्या शिकवण्यानंतर वाटते. मार्गदर्शक पुस्तकांत ‘यूज्ड टू’ समोर ‘सवय असणे’ किंवा ‘नेहमी करणे’ असा अर्थ छापलेला असतो. मुलगा ‘सवय’ हा शब्द उचलतो आणि भूतकाळ मागे राहतो. त्याला वाटते की ‘आय गो’ म्हणजे नुसते ‘मी जातो’, त्यात रोजचेपणा आलेला नाही, म्हणून काहीतरी जोडायला हवे. परंतु इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळाचे पहिले कामच रोजच्या गोष्टी सांगणे हे आहे. ‘माय मदर रोल्स बिडीज’ एवढ्या चार शब्दांत निपाणीच्या एखाद्या घरातले रोजचे काम पूर्ण सांगून होते.

म्हणून नवशिक्याने एक सवय लावून घ्यावी. ‘यूज्ड टू’ तोंडात आले की ते वाक्य मनातल्या मनात मराठीत ‘असे’ लावून म्हणावे, किंवा बोलीत ‘जायचो’, ‘करायची’, ‘राहायचे’ असे रूप लावावे, आणि त्याच्यापुढे ‘आता नाही’ जोडून पाहावे. ‘मी सहाला उठायचो, आता नाही’ हे खरे असेल तर ‘यूज्ड टू’ बरोबर आहे. तुम्ही आजही सहालाच उठत असाल तर वाक्य खोटे पडते आणि ‘आय गेट अप ॲट सिक्स’ हेच म्हणायला हवे. ‘जात होतो’ या रूपावर मात्र या परीक्षेत विसंबू नये. ते आपण ‘त्या वेळी वाटेत होतो’ या अर्थानेही वापरतो आणि ‘पूर्वी नेहमी जात होतो’ या अर्थानेही वापरतो. कन्नडमधल्या ‘होगुत्तिद्दे’चेही तसेच आहे, दोन्ही अर्थ त्या एका रूपात मावतात. इंग्रजीत त्यांची दोन वेगळी रूपे होतात, ‘आय वॉज गोइंग’ आणि ‘आय यूज्ड टू गो’, त्यामुळे सीमाभागात दोन्ही भाषा बोलणाऱ्याला येथे दोन्हीकडून चकवा बसतो. ‘जायचो’ या रूपात तो धोका फार कमी आहे.

आपल्याच भागातली खरी उदाहरणे घेतली म्हणजे हा प्रयोग पक्का बसतो. 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून ‘बेलगाम डिस्ट्रिक्ट यूज्ड टू बी इन बॉम्बे स्टेट’ हे वाक्य बरोबर आहे. 1973 पर्यंत कर्नाटक राज्याचे नाव म्हैसूर असे होते, म्हणून ‘कर्नाटक यूज्ड टू बी कॉल्ड मैसूर स्टेट’ हेही बरोबर. 2010 साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले, त्यापूर्वी येथली पदवी महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न होती. तेथेही ‘यूज्ड टू बी’ चालेल. मिरज ते लोंढा हा लोहमार्ग पूर्वी मीटर गेज होता आणि आता ब्रॉडगेज आहे. ‘द लाइन यूज्ड टू बी मीटर गेज’. या चारही वाक्यांत एक गोष्ट होती आणि ती आता तशी नाही.

याच यादीतले पाचवे वाक्य जरा थांबून पाहण्यासारखे आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे सरकारी इंग्रजी नाव बदलून बेळगावी झाले. तेव्हा ‘द सिटी यूज्ड टू बी ऑफिशियली कॉल्ड बेलगाम’ हे वाक्य निर्दोष आहे. पण बाहेरगावच्या माणसाला आपल्याबद्दल सांगताना एखादा मराठी मुलगा ‘वुई यूज्ड टू कॉल इट बेळगाव’ असे म्हणाला, तर त्याने न कळत सांगितले की आम्ही त्याला बेळगाव म्हणायचो, आता म्हणत नाही. घरी आईशी बोलताना तो आजही बेळगाव असेच म्हणतो. त्याला म्हणायचे असते ‘वुई कॉल इट बेळगाव’, आणि जोर द्यायचा असेल तर ‘वुई स्टिल कॉल इट बेळगाव’.

आकडा आला की सावध व्हावे

‘यूज्ड टू’ गेलेल्या काळातली रीत सांगते. ती किती वर्षे चालली, हे तिच्याबरोबर सांगता येत नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत नोकरीसाठी येणाऱ्या अर्जांत ‘आय यूज्ड टू वर्क ॲज अ फिटर फॉर फाइव्ह इयर्स’ अशा धाटणीची वाक्ये नेहमी आढळतात. मुदत नेमकी सांगायची असेल तर साधा भूतकाळ वापरावा: ‘आय वर्क्ड ॲज अ फिटर फॉर फाइव्ह इयर्स.’ एकूण किती वेळा ते सांगायचे असेल तरीही तोच नियम लागू होतो. ‘आय यूज्ड टू गो टू पंढरपूर फोर टाइम्स’ हे चूक. ‘आय वेंट टू पंढरपूर फोर टाइम्स’ हे बरोबर. पण ‘फोर टाइम्स अ इयर’ म्हटले की पुन्हा ‘यूज्ड टू’ चालते, कारण वर्षातून चारदा ही एकूण मोजणी नसून रीत आहे. येथेही मराठी साथ देते. ‘मी पंढरपूरला एकूण चारदा जायचो’ असे आपण म्हणत नाही, आणि ‘वर्षातून चारदा जायचो’ हे सहज म्हणतो.

शेवटचा ‘डी’

बोलताना ‘ड’ ऐकू येत नसल्यामुळे लिहिताना तो गळतो आणि ‘आय यूज टू गो’ असे कागदावर उतरते. होकारार्थी वाक्यात ‘यूज’च्या शेवटी ‘डी’ असलाच पाहिजे. वर्तमानकाळासाठी ‘डी’ काढून टाकला की काम भागेल, अशीही काहींची समजूत असते, आणि ती वरवर पाहता तर्काला धरून आहे. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत ‘यूज’ या क्रियापदाला ‘वहिवाट असणे’ असा अर्थ होता आणि वर्तमानकाळातही ते रूप चालत असे. पुढे ते लोप पावले व भूतकाळातले तेवढे उरले. आजच्या इंग्रजीत ‘आय यूज टू गो’ या रूपाला कोणताही काळ उरलेला नाही.

‘डी’ निघतो तो फक्त ‘डिड’ आल्यावर. ‘डिड यू यूज टू प्ले कबड्डी?’ आणि ‘आय डिडन्ट यूज टू लाइक टी’ या वाक्यांत भूतकाळ ‘डिड’ने उचललेला असतो, म्हणून मूळ रूप येते, ‘डिड यू गो’ म्हणतो तेव्हा ‘वेंट’ जसे येत नाही तसेच. येथे ‘डी’सह लिहिलेले रूपही छापील मजकुरात दिसते, पण परीक्षेत आणि अर्जात ‘डी’शिवाय लिहिणे सुरक्षित. ‘नेव्हर’ वापरले तर ‘डिड’ नसते, म्हणून ‘आय नेव्हर यूज्ड टू लाइक टी’ यात ‘डी’ परत येतो.

सवयीचे ‘यूज्ड टू’

दुसरा अर्थ वेगळ्या घरचा आहे. येथे ‘यूज्ड’च्या आधी ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांपैकी काहीतरी असते, किंवा ‘गेट’ असते, आणि काळ त्या शब्दाने ठरतो. विजापूरकडून बेळगावात शिकायला आलेला विद्यार्थी पहिल्या जून-जुलैत येथल्या पावसाने हैराण होतो. तो म्हणेल, ‘आय ॲम नॉट यूज्ड टू धिस रेन.’ दोन पावसाळे काढल्यावर म्हणेल, ‘आय हॅव गॉट यूज्ड टू इट.’ मराठीत यालाच सवय होणे म्हणतात आणि कन्नडमध्ये ‘रूढी’ हा शब्द येतो. ‘नन्गे रूढी इदे’ हे वाक्य येथल्या बाजारात रोज ऐकू येते, आणि ‘आय ॲम यूज्ड टू इट’चे त्याहून नेमके भाषांतर मला सुचत नाही.

या अर्थाच्या ‘टू’पुढे नाम येते: पाऊस, रात्रपाळी, गर्दी. क्रियापद आणायचे असेल तर त्याला नामाचे रूप द्यावे लागते, म्हणजे शेवटी ‘इंग’ लावावे लागते. ‘आय ॲम यूज्ड टू वर्क इन नाइट शिफ्ट’ ही फार सामान्य चूक आहे, ‘वर्किंग’ हवे. मराठीतही आपण नेमके हेच करतो. बोलताना ‘काम करायची सवय’ म्हटले तरी लिहिताना ‘काम करण्याची सवय’ होते, आणि ‘करण्याची’ हे ‘करणे’ या नामाचे रूप आहे. तेव्हा मराठीत ‘ण्याची सवय’ आली की इंग्रजीत ‘इंग’ आणावे, आणि मराठीत ‘करायचो’ आले की क्रियापद जसेच्या तसे ठेवावे. ही खूण मी वर्गात फळ्यावर वरच्या कोपऱ्यात महिनाभर पुसत नाही.

दोन्ही अर्थांची खिचडी झालेले वाक्य म्हणजे ‘आय वॉज यूज्ड टू गो’. भूतकाळ आहे म्हणून ‘वॉज’ घातले जाते. पण गेलेल्या काळाची रीत सांगायची तर ‘वॉज’ काढावे, आणि सवय होती असे सांगायचे तर ‘गो’चे ‘गोइंग’ करावे. कानडी पाट्या वाचण्याची सवय आहे, हे सांगणारे ‘आय ॲम यूज्ड टू रीडिंग कन्नड बोर्ड्स’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांना उपयोगी पडेल. बेंगळुरूमधल्या मुलाखतीत तर ते जरूर सांगावे.

जुन्या आठवणी सांगताना ‘वुड’ही चालते, एवढेच येथे नोंदवतो. मात्र ते कृतीसाठीच वापरावे. ‘आजोबा संध्याकाळी गोष्टी सांगायचे’ येथे ‘वुड टेल’ चालेल. ‘आम्ही शहापुरात राहायचो’ येथे ‘वुड लिव्ह’ चालणार नाही, कारण राहणे ही स्थिती आहे.

सराव कसा करावा

एका कागदावर आपल्या घराबद्दल मराठीत दहा वाक्ये लिहावीत. त्यांतली काही आजची असावीत आणि काही दहा वर्षांपूर्वीची. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘असतो’, ‘असे’ किंवा ‘सवय आहे’ यांपैकी काय येते ते पेन्सिलीने लिहावे, आणि मगच इंग्रजी करावे. हा मधला टप्पा वगळू नये. थेट इंग्रजी लिहू लागलो की जुनी चूक परत हाताखाली येते.

वडगावच्या एका विद्यार्थिनीने असा कागद मला आणून दाखवला होता. तिचे वडील यंत्रमागावर साड्या विणतात. तिचे पहिले इंग्रजी वाक्य होते ‘माय फादर यूज्ड टू वीव्ह सारीज’. मी काही न बोलता तिला ते मराठीत मोठ्याने वाचायला सांगितले. ‘माझे बाबा साड्या विणायचे,’ असे ती म्हणाली आणि तिथेच थांबली, कारण सकाळी घरातून निघताना माग चालूच होता. तिने ‘यूज्ड टू’ खोडून ‘वीव्ह’ला ‘एस’ लावला: ‘माय फादर वीव्ह्ज सारीज.’ दुसरे वाक्य आजोबांचे होते. ते हातमागावर विणायचे आणि आता वयामुळे विणत नाहीत. तेथे ‘यूज्ड टू वीव्ह ऑन अ हँडलूम’ बरोबर होते आणि तिने ते तसेच ठेवले. तिसरे तिचे स्वतःचे होते. मागाच्या आवाजात अभ्यास करण्याची तिला सवय आहे, म्हणून तेथे ‘आय ॲम यूज्ड टू स्टडीइंग’ असे हवे होते, आणि तिने ‘स्टडी’ लिहिले होते. ‘ण्याची’ या अक्षरांखाली रेघ ओढून तिने तेही आपले आपण दुरुस्त केले.

कागद पूर्ण झाल्यावर तो कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकणाऱ्याला इंग्रजी फारसे येत नसले तरी हरकत नाही; ‘मग आता नाही का?’ एवढा प्रश्न प्रत्येक ‘यूज्ड टू’नंतर त्याने विचारावा, आणि उत्तर ‘नाही’ असे आले नाही तर ते वाक्य बदलावे.